आदर्श रुग्णाचे तीन पेले

४ फेब्रुवारी

प्रिय बोक्या,

फोन करत नाही, कारण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला जुंपतं आणि चौथ्याला तू आदळून ठेवतोस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, एवढाच त्याचा फायदा. तेव्हा गुमान बस आणि वाच.

बातमी अशी, की आपल्या दवाखान्याने यंदाच्या कुटुंब मेळाव्यासाठी ‘आदर्श रुग्ण’ म्हणून माझी निवड केली आहे. हसून झालं? आता पुढे. तीस मार्चला मोठ्या सभागृहात मी बोलायचं. विषय ‘आहारावर विजय’. विषय त्यांचा आहे, माझा नाही. आपल्यासारखी, जन्मापासून प्रथिनं न सोसणारी सगळी नवी-जुनी मंडळी येणार, आणि ज्यांची बाळं टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून आजार कळून नुकतीच आपल्या उपाशी पंगतीत येऊन बसली आहेत ते बिचारे आईबापही येणार. त्यांना दाखवायचंय, की बघा, अंडं, दूध, मासे, मटण, डाळ यांतलं काहीही न खाता ही बाई चौतीस वर्षांची झाली, डोकं शाबूत आहे, शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवते, आणि रक्तातल्या त्या न सोसणाऱ्या घटकाचा आकडा कधी मर्यादेबाहेर गेला नाही.

आई हवेत आहे. शेजारीपाजारी, लिफ्टमन, सगळ्यांना सांगून झालं. काल तिने सोनाराच्या काट्याकडे बघावं तशा भक्तिभावाने आपल्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याकडे बघितलं. तीस वर्षं त्यावर तिने माझे बटाटे तोलले. म्हणते, बक्षीस खरं याचं आहे.

तू पाठवलेला फोटो मात्र मी तिला दाखवला नाही. हॉटेलच्या लॉन्ड्रीतल्या मित्रांबरोबर दात काढून उभा आहेस ते ठीक, पण हातात चीजचा केवढा तो तुकडा! लाज नाही वाटत? एकाच आईच्या पोटी, एकाच आजाराची दोन पोरं. एक जिभेवर ताबा ठेवून सन्मान मिळवते, दुसरा हॉटेलच्या भटारखान्यात शेपूट हलवत हिंडतो.

मी ठणठणीत आहे. नव्या बुटांनी तेवढा वैताग आणलाय. तळवे बधिर होतात, गादीवर चालल्यासारखं वाटतं. बदलून घेईन.

तुझी ताई


१७ फेब्रुवारी

आदर्श रुग्णबाईंना कोपरापासून नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मॅनेजरपुढे मान खाली घालून उभा होतो. पाहुण्याच्या शर्टाची कॉलर जाळली. इस्त्री टेकवली आणि आपण काय करत होतो हेच विसरलो. मग मॅनेजर ओरडला, मग मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो. आता मला चादरींवर टाकलंय. चादरीला कॉलर नसते.

माझं डोकं दुपारनंतर धुक्यात जातं हे मान्य. कारण काय, तेही मला ठाऊक आहे, तू नाकाने कांदे सोलून सांगायची गरज नाही. पण ताई, ते धुकं फार चवदार असतं गं. ऑम्लेट काय असतं हे मला विसाव्या वर्षी कळलं. तुला ते कळणारच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तू पाला खातेस हे मी समजू शकतो. वजन करून बटाटे खातेस, तेही. पण ती दवाखान्याची पावडर! सकाळ, दुपार, रात्र, एकेक पेला! ओल्या पुठ्ठ्यात शिळे मोजे गुंडाळून महिनाभर कपाटात ठेवावेत, तसा तो वास. मी एकोणिसाव्या वर्षी शेवटचा पेला खिडकीतून ओतला आणि खालच्या काकूंची जास्वंद वाळली, आठवतं? आणि तू ते गेली चौतीस वर्षं घटाघटा पितेस. तिथे मात्र आपण हार मानली. भाषणात पेल्यांचं सांग. हॉल रडेल.

ता. क. बुटांचं काय म्हणालीस? दिवाणखान्याला रंग दिला त्या वेळच्या पत्रातही तू बुटांनाच शिव्या घातल्या होत्यास. ते हेच बूट की दुसरे?

तुझा नालायक भाऊ


३ मार्च

बोक्या,

बूट दुसरे होते. आता तिसरे आणलेत. हल्ली कुणाला धड बूट बनवता येत नाहीत.

भाषण लिहायला बसले आणि नेमकी पेल्यांपाशी अडले. तुला एक सांगते. आईला सांगितलंस तर तुझं-माझं नातं संपलं. मूग गिळून गप्प बस. तुला गिळता येतात, मला त्याचीही बंदी.

मी पावडर घेत नाही. पाच वर्षं झाली.

आता ‘आं’ करू नकोस. शिडीवरून खाली उतरून गिऱ्हाइकाशी बोलायला लागले की तो एक पाऊल मागे जायचा. रंगाचा वास त्यांना चालतो, माझ्या तोंडाचा नाही. आणि एक जण होता, त्याने माझ्याशी बोलताना दोनदा उठून खिडकी उघडली. कोण ते विचारू नकोस, तो आता येत नाही. त्या दिवशी मी पेला मोरीत ओतला. वाटलं, आता आकडा वाढणार आणि बोलणी बसणार. बोट टोचून थेंब पाठवला, तर आकडा उत्तम! डॉक्टर म्हणाले, ‘वा! असंच चालू ठेवा.’ मी तसंच चालू ठेवलं.

सांग ना, मग पावडर हवी कशाला? प्रथिनं आपली वैरी. मी वैऱ्याला दारातही उभं करत नाही; परवानगी आहे त्याच्या निम्मीच खाते. ज्यांचा जिभेवर ताबा नाही, त्यांनी प्यावी पावडर. म्हणजे तू.

आई दर महिन्याला दवाखान्यातून डबे आणून देते. पावडर मोरीत जाते आणि डब्यांत मी ब्रश ठेवते. रिकामे डबे बघून आई धन्य होते. एकदाच पंचाईत झाली, मोरी तुंबली. प्लंबरने नळीतून दगडासारखा गोळा काढला आणि म्हणाला, ‘बाई, इथे कोणी भिंत बांधतंय का?’

बाकी कामाचं म्हणशील तर ब्रशही हल्ली भिकार येतात. दंतवैद्याची पाटी केली, लांब रेघ ओढताना थरथरली. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, ब्रश धरलाय की नाही तेच कळत नाही. दंतवैद्य म्हणाला, ‘पाटी बघूनच दात दुखायला लागले.’ फुकटात पुन्हा करून दिली. दुसरीही तशीच आली. शेवटच्या पायरीवर पायही चुकला, पण लागलं नाही.

ताई


१२ मार्च

ताई,

आज चेष्टा जमत नाहीये, पण तुझ्याशी सरळ बोलायची सवय नाही, तेव्हा थोडी होईल.

मी दवाखान्यात आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. म्हटलं, माझ्या एका मित्राला आपलाच आजार आहे, तो पथ्य कडक पाळतो पण पावडर पाच वर्षं घेत नाही, पायाला बधिरपणा, बोटांना मुंग्या, तर बूट कुठले घ्यावेत?  बाई म्हणाल्या, ‘बुटांचं राहू द्या. मित्राला उद्याच्या उद्या पाठवा.’

मला जेवढं कळलं तेवढं सांगतो, आणि चार-चारदा विचारून घेतलंय, कारण माझं डोकं तुला माहीत आहे. बी-१२ नावाचं जीवनसत्त्व आहे. ते मांसात, माशात, अंड्यात, दुधात असतं. भाजीपाल्यात नसतं. म्हणजे तुझ्या ताटात ते जन्मात कधी आलंच नाही. ते आपल्याला मिळायचं फक्त त्या घाणेरड्या पेल्यातून. आपल्याला पचणारी प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार, सगळं त्यात घातलेलं असतं. पेला म्हणजे पथ्याची शिक्षा नव्हे गं, पेला म्हणजेच जेवण. आपण दोघंही उलटं समजत होतो. मी पथ्य आणि पेला दोन्ही सोडलं, तर निदान ऑम्लेटातून मला ते मिळत राहिलं. तू पथ्य तेवढं ठेवलंस आणि जेवण मोरीत ओतलंस.

मी म्हटलं, अहो, पण मित्राचा आकडा उत्तम आहे. त्या म्हणाल्या, तो आकडा एकाच गोष्टीचा असतो. बाकीचं तपासलं तरच कळतं. शरीरात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून सोडल्या सोडल्या काही होत नाही. साठा संपला की नसा बिघडायला लागतात. आणि हिरव्या भाज्या भरपूर खाणाऱ्याचं रक्त वरवर ठीकच दिसतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. लवकर इंजेक्शनं सुरू केली तर नसा सावरतात. उशीर झाला तर गेलेलं परत येईलच असं नाही.

तुझा हात आहे तो, ताई. पाट्या रंगवायचा. उद्या जा.

तुझा भाऊ


१८ मार्च

चुगलखोरा,

एक मित्र म्हणे! त्या दवाखान्यात बूट विचारण्यासाठी फोन करील असा एकच गाढव आहे आणि त्याला एकच बहीण आहे. बाईंचा दुसऱ्या दिवशी मला फोन. ‘पावडर घेताय ना नियमित?’ मी म्हटलं, ‘तिन्ही वेळा.’ त्या म्हणाल्या, ‘नक्की?’ मी म्हटलं, ‘मेळाव्यात बोलायला बोलावलंत ते उगीच का?’ मग त्याच ओशाळल्या.

आणि शिकवतोय कोण? जो आठवड्यातून दोनदा आपलं घर कुठल्या मजल्यावर आहे ते विसरतो!

तीस तारखेआधी मी कुठेही जाणार नाही. विचार कर जरा. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात. आईने नवे कपडे शिवलेत, माझे नाही, तिचे. आता मी जाऊन सांगू, की आदर्श रुग्णाने पाच वर्षं औषध मोरीला पाजलं? तिचं तोंड मला बघवेल का? एकतीस तारखेला जाईन. पंधरा दिवसांनी काय आकाश कोसळतंय?

काल बाथरूममध्ये तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि पडले. पाय घसरला नाही. डोळे मिटल्याबरोबर जमीन कुठे आहे तेच कळेना. कपाळाला टेंगूळ आलंय, केसांनी झाकते.

भीती वाटते. झालं समाधान? आता पुन्हा लिहू नकोस.

ताई


२२ मार्च

ताई,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून लगेच लिहितोय.

तुला सत्काराची शाल जास्त प्यारी आहे की हात? शालीत गुंडाळायला तरी हात लागेल ना? आईच्या तोंडाचं मला सांगू नकोस. तिचं तोंड मी पंचवीस वर्षं पाडतोय, तिला सवय आहे. एकदा तू पाड. तुझ्या वाट्याचंही मीच किती दिवस करू?

सौदा करतो. तू सुई टोचून घे, मी पेला तोंडाला लावतो. थट्टा नाही. मी काल बोट टोचून थेंब पाठवला, सात वर्षांनी पहिल्यांदा. बाईंनी आकडा सांगितलाच नाही. म्हणाल्या, ‘तुम्हीपण या.’ त्यांच्या ‘पण’वरून ओळख, त्यांना सगळं कळलंय. तुझ्या तोंडून ऐकायचं तेवढं बाकी आहे.

आईला मी सांगणार नाही, शब्द दिलाय. पण तू शिडीवर चढू नकोस. एवढं तरी ऐक.

बोका


५ एप्रिल

बोक्या,

ऐकलं नाही. शिडीवर चढले नाही, पण व्यासपीठावर चढले, आणि तिथून जी उतरले ती साऱ्या गावाने बघितली. तुला सगळं सांगते, कारण आईकडून ऐकलंस तर त्यात नुसतं रडणंच असेल.

हॉल भरला होता. अध्यक्ष माझ्या जिद्दीबद्दल इतका वेळ बोलले की माझी जिद्द संपत आली. मग मी उभी राहिले. भाषणाच्या टेबलाला धरून उभी होते, चार वाक्यं झक्क झाली, पहिल्या रांगेत आई ओठ हलवत होती. तिला भाषण माझ्याआधी पाठ झालं होतं. तेवढ्यात कुणा उत्साही माणसाने माझे लहानपणचे फोटो पडद्यावर दाखवायला दिवे घालवले.

दिवे गेले आणि माझी जमीन गेली. बाथरूममध्ये झालं तसंच. मी टेबल घट्ट धरलं. त्या शहाण्या टेबलाला चाकं होती. मी आणि टेबल जोडीने निघालो, व्यासपीठाच्या कडेपर्यंत गेलो, टेबल थांबलं, मी नाही. थेट आहारतज्ज्ञ बाईंच्या अंगावर! पडद्यावर तेव्हा मी गाजर खाताना.

दिवे लागले. बाईंनी मला जमिनीवर टेकवून बसवलं आणि कानाशी लागून हळूच विचारलं, ‘पेले घेत नाही ना तुम्ही?’ मी रडत म्हटलं, ‘नाही हो. पाच वर्षं नाही.’ माझ्या गळ्याशी अडकवलेला माइक चालू होता. ‘पाच वर्षं नाही’ शेवटच्या रांगेपर्यंत घुमलं.

आई जवळ आली होती. मला वाटलं, आता रडेल, ओरडेल. तिने एवढंच विचारलं, ‘मग मी डबे कुणासाठी आणत होते?’  तू तिचं तोंड पाडतोस म्हणालास ना? असं पाडलेलं तू कधी बघितलं नाहीस. ती डबे उचलायला दोन बस बदलून जाते.

मग गंमत झाली. मागून एक टक्कल पडलेला गृहस्थ उठून म्हणाला, ‘मीपण घेत नाही.’ त्याची बायको म्हणाली, ‘काय?’ मग एक कॉलेजातली मुलगी उठली. मग आणखी काही हात. सगळे माझ्यासारखेच, पथ्याला पक्के, आकड्याला उत्तम, पेल्याला चुकार. बाई प्रत्येक हाताकडे बघत होत्या आणि पांढऱ्या पडत होत्या. अध्यक्षांनी प्रसंगावधान राखून चहापानाची सुट्टी जाहीर केली.

तपासणी दुसऱ्याच दिवशी झाली. बी-१२ इतकं कमी, की प्रयोगशाळेला आपलंच यंत्र बिघडल्यासारखं वाटलं आणि त्यांनी पुन्हा रक्त मागवलं. इंजेक्शनं सुरू आहेत. पेलेही सुरू आहेत, आई समोर बसून पाजते आणि पेला उलटा करून बघते. चौतिसाव्या वर्षी! नसांचे डॉक्टर म्हणाले, मुंग्या कमी होतील, तोल बहुतेक सावरेल, त्याला महिने लागतील. हाताचं विचारलं तर म्हणाले, वाट बघू. दंतवैद्याने पाटी दुसऱ्याकडून करून घेतली.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते सांगते. हसू नकोस.

त्या डॉक्टरांकडे एक नादकाटा असतो, शाळेत विज्ञानाच्या बाई वाजवायच्या तसा, चिमट्यासारखा. तो वाजवायचा, थरथरता असताना पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा आणि विचारायचं, थरथर कळते का. मी पलंगावर डोळे मिटून पडले होते. आई कोपऱ्यात खुर्चीवर. काटा वाजलेला ऐकू आला. थंड लागला की नाही तेही मला कळलं नाही. त्यांनी विचारलं, ‘कळतंय?’ आणि मी म्हटलं, ‘हो.’ ‘थरथर कळतेय?’ ‘हो, छान कळतेय.’

त्यांनी मला डोळे उघडायला सांगितलं. काटा त्यांच्या खिशात होता. पायाला त्यांनी हातच लावला नव्हता.

मला त्यांना फसवायचं नव्हतं रे, शपथेवर सांगते. डॉक्टर विचारतात आणि मी ‘हो, छान’ म्हणते, एवढंच मला येतं. तोंडातून आपोआप निघालं. आई उठून आली, माझा अंगठा तिने मुठीत धरला आणि विचारलं, ‘मी धरलाय, कळतंय?’ मी अंगठ्याकडे बघितलं. तिची बोटं पांढरी होईपर्यंत ती दाबत होती.

‘नाही,’ म्हटलं. ‘काही कळत नाहीये, आई.’

तिने पाय सोडला नाही. अजून रोज संध्याकाळी धरून बसते आणि विचारते, आणि मी खरं ते सांगते. आजही नाहीच म्हणाले.

तू ये. तुझी तपासणी सोमवारी ठेवलीय, मी परस्पर वेळ घेतली. भांडायचं असेल तर भांडायला ये, पण ये.

तुझी ताई